पाद्य आणि पंक्ती

देवपूजेच्या सोळा उपचारांत पाद्य हा तिसरा उपचार. आवाहन झाले, आसन दिले, की पहिली सेवा पायांची. ही सेवा कोणी कोणाची करावयाची, याविषयी आमच्या मनात कधी संदेह नसतो. धाकट्याने थोरल्याची, शिष्याने गुरूची, यजमानाने अतिथीची आणि भक्ताने देवाची. सेवेचा ओघ खालून वर जातो, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला म्हणजे मात्र हीच व्यवस्था उलटी झालेली दिसते. तेथे गुरू उठतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ख्रिस्ती धर्मात ज्यास प्रभुभोजन म्हणतात, आमचे गोमंतकीय ख्रिस्ती शेजारी ज्यास 'कुमगार' म्हणतात, त्याचा अर्थ जाणून घ्यावयाचा तर मंदिराच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांस हा अध्याय सर्वांत जवळची वाट होय, असे आमचे मत आहे.

प्रसंग सर्वपरिचित आहे. यरुशलेम नगरी, वल्हांडण सणाचे दिवस, आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर जावयाचे आहे हे जाणून असलेला येशू आपल्या बारा शिष्यांसह अखेरच्या भोजनास बसला आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही त्या रात्रीची मुख्य घटना म्हणून भाकरी व द्राक्षारस यांचे वाटप सांगितले आहे. ही भाकरी आपले शरीर होय, हा पेला आपले रक्त होय, असे सांगून येशूने ती शिष्यांस दिली. आजही जगभर जो विधी चालतो त्याचे मूळ हेच. चवथा लेखक योहान या रात्रीस तब्बल पाच अध्याय देतो. ते पाचही अध्याय वाचून काढले तरी भाकरी आणि पेला यांच्या त्या वाटपाचा त्यांत उल्लेख नाही. त्याच्या जागी आहे ती एक परात, पाणी आणि एक पंचा.

हे योहानाच्या अनवधानाने झाले असेल काय? तसे मानता येत नाही. याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या भोजनानंतर स्वर्गीय भाकरीवरील दीर्घ प्रवचन त्यानेच दिलेले आहे. भाकरीचे रहस्य त्यास ठाऊक होते. विद्वानांनी या मौनाची अनेक कारणे दिली आहेत. आम्हांस त्यांतील एकच कारण ग्रंथाच्या रचनेशी जुळणारे वाटते. भाकरी म्हणजे काय, हे इतरांनी सांगून झाले होते. ती खाल्ल्यावर माणसाने काय व्हावयाचे, हे योहानास सांगावयाचे होते.

त्यासाठी त्याची लेखणी किती जपून चालते ते पाहावे. येशू भोजनावरून उठतो, वरची वस्त्रे उतरवून ठेवतो, कमरेस पंचा गुंडाळतो, परातीत पाणी ओततो. एरवी मोठमोठी तत्त्वे बोलणारा हा लेखक येथे एकेक हालचाल वेगळी सांगतो. मूळ ग्रीक भाषेत वस्त्रे 'उतरवून ठेवणे' आणि नंतर ती पुन्हा 'घेणे' यांसाठी जी क्रियापदे आहेत, तीच दहाव्या अध्यायात येशू आपला प्राण ठेवतो आणि पुन्हा घेतो असे सांगताना आलेली आहेत. वस्त्र उतरविण्यात प्राण देण्याची सूचना अशी हळूच पेरलेली आहे. पाय पुसण्याचे क्रियापदही असेच मागील पानावरून आलेले आहे. बाराव्या अध्यायात मरिया नावाची स्त्री येशूच्या पायांस बहुमोल सुगंधी तेल लावून ते आपल्या केसांनी पुसते. एका स्त्रीने गुरूची जी सेवा केली तीच गुरूने शिष्यांस परत केली, हे नाते मूळ शब्द सांगतात. आणखी एक बारकावा आहे. येशूने वस्त्रे पुन्हा घेतली असे योहान लिहितो, पण पंचा सोडला असे कोठेच लिहीत नाही. तो विसरला असेल, अथवा त्याने मुद्दाम ठेवला असेल. वाचकाच्या मनात मात्र तो पंचा कायमचा राहतो.

हे काम त्या समाजात किती खालचे मानले जात होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. यहूदी भाष्यकारांच्या परंपरेत स्वजातीय दासासही पाय धुण्याचे काम सांगू नये असे म्हटलेले आढळते. लूकाने तर असे नमूद केले आहे की, याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये आपणांत थोर कोण याविषयी वाद माजला होता. थोरपणाचा वाद करणाऱ्या मंडळींत पाणी आणावयास कोणी उठणार नाही, हे सांगण्याची गरज नाही.

मग पेत्राची पाळी येते, आणि आमच्या मते सर्व अध्यायाचा प्राण येथे आहे. पेत्र पाय मागे घेतो. गुरूने आपले पाय धुवावेत ही कल्पना त्यास असह्य होते. वरवर पाहता हा विनय आहे. पण येशू त्यास स्पष्ट सांगतो की, पाय धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हा 'वाटा' शब्द फार अर्थपूर्ण आहे. सहभागितेचा अर्थच मुळी वाटा असणे हा होय. सेवा करण्यापेक्षा सेवा घेणे कठीण असते. दान देणाऱ्याचा हात वर राहतो, म्हणून दान देण्यात अभिमानास जागा मिळते. आपले मळलेले पाय दुसऱ्याच्या हाती देण्यात ती मिळत नाही. पेत्राच्या नकारात दडलेला हा सूक्ष्म अहंकार ज्याने ओळखला, त्या लेखकाची माणसाच्या मनाची पारख सामान्य नव्हे.

आणि बारा जणांत यहूदा इस्कार्योतही होता. गुरूस शत्रूच्या हाती देण्याचे त्याने मनात ठरविलेले होते, आणि गुरूस ते ठाऊक होते. तो बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. योहान यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. सामान्य लेखकाने येथे करुणेचे प्रवचन झोडले असते.

आमच्या वाचकांस येथे राजसूय यज्ञ आठवेल. युधिष्ठिराच्या त्या यज्ञात कामे वाटून दिली गेली तेव्हा श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले, असे सभापर्व सांगते. द्वारकेस आलेल्या सुदाम्याचेही पाय त्याने धुतले. देव खाली वाकतो ही कल्पना आम्हांस नवीन नाही. तुलना करावयाची ती कोणास श्रेष्ठ ठरविण्यासाठी नव्हे, तर दोन्ही प्रसंगांचा विशेष कळावा म्हणून. राजसूयातील अतिथी पूजनीय होते. सुदामा बालमित्र होता. दोन्ही ठिकाणी भगवंताची लीला पाहून आम्ही हात जोडतो. योहानाच्या कथेत पाय धुतले जातात ते स्वतःच्या शिष्यांचे, आणि हात जोडण्यास अवसर न देता लगेच आज्ञा होते की, मी जसे केले तसे तुम्ही एकमेकांचे करा. लीलेचा येथे विधी झाला. पाहणाऱ्यास आता बाजूला उभे राहता येत नाही.

भोजनाचा अर्थही यातूनच उलगडतो. आमच्या प्रसादाची कल्पना अशी की, भक्ताने अर्पण केलेले देवाने गोड मानले आणि ते पवित्र होऊन सर्वांस परत मिळाले. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे या भोजनात देव स्वतःस अर्पण करतो, आणि घेणारे त्याच्याशी व परस्परांशी एक होतात. पौलाने करिंथ नगरीतील ख्रिस्ती मंडळीस लिहिताना असे म्हटले आहे की, भाकरी एक आहे म्हणून ती खाणारे अनेक असले तरी एक शरीर आहेत. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा, 'कोइनोनिया'चा, अर्थ भागीदारी, सहभाग असा होतो. येथे देवाशी जोडले जाणे आणि शेजाऱ्याशी जोडले जाणे ही दोन वेगळी कृत्ये नाहीत.

याच पौलाच्या पत्रात एक अशी गोष्ट आहे की, ती वाचून पंक्तीचे मर्म जाणणारा कोणीही हिंदू वाचक चमकून उठेल. हे पत्र सुमारे इसवी सन 54 चे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. अखेरच्या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत याच पत्राच्या अकराव्या अध्यायात मिळतो. तो पौलाने का लिहिला? स्तोत्र म्हणून नव्हे, इतिहास म्हणूनही नव्हे. करिंथमध्ये श्रीमंत मंडळी आपले अन्न आणून आधी जेवून घेत. गरिबांपैकी कोणी उपाशी राही, तर दुसरा कोणी पिऊन धुंद होई. एकाच घरात, एकाच प्रभूच्या नावाने चाललेला हा पंक्तिप्रपंच ऐकून पौल संतापला, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे विचारून त्याने त्या रात्रीची आठवण करून दिली. हे तुमचे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत पवित्र विधीचा पहिला लेखी उल्लेख हा पंक्तिभेदाबद्दल दिलेल्या ठपक्यात आलेला आहे. आमच्या लेखाचे सार यात आहे. पंक्ती मोडली की प्रसादाचे प्रसादपण जाते.

आरंभीच्या काळी हे भान जागे होते. रोममध्ये जस्टिन नावाच्या ग्रंथकाराने सुमारे 155 साली रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भाकरी वाटून झाली की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ती घेऊन जात, आणि जमलेल्या पैशांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांस साहाय्य होई. चवथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचा प्रवचनकार योहान ख्रिसोस्तम याने श्रीमंत श्रोत्यांस असे बजावले की, मंदिरात ख्रिस्तास रेशमी वस्त्रांनी सजवून बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नका.

पुढे मात्र भाकरी आणि परात यांची ताटातूट झाली. भाकरीचे नेमके काय होते, यावर युरोपात शतकानुशतके वाद झाले. सामान्य जनांस पेला द्यावयाचा की नाही, हा प्रश्न बोहेमियात इतका पेटला की, 1415 साली यान हुस यास जाळल्यानंतर त्याच्या अनुयायांनी पेला हेच आपले चिन्ह केले आणि युद्धे झाली. 1529 साली मारबुर्ग येथे ल्यूथर व झ्विंग्ली एकत्र आले, पुष्कळशा मुद्द्यांवर त्यांचे जुळले, आणि भाकरीच्या अर्थावर फिसकटले. परातीवरून मात्र असे एकही युद्ध झाल्याचे आमच्या वाचनात नाही. पाय धुण्याच्या हक्कासाठी कोण भांडणार?

पाय धुण्याचा विधी लुप्त झाला असे नव्हे. पवित्र गुरुवारी तो होत राहिला; पण त्याचे वैभव वाढले तसा त्याचा अर्थ आटला. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ गरीब स्त्रियांचे पाय धूत असे. त्याचे तत्कालीन वर्णन मोठे बोलके आहे. राणी येण्यापूर्वी त्या स्त्रियांचे पाय एकदा धोबीखान्याच्या सेवकवर्गाने, मग दानाधिकाऱ्याच्या दुय्यमाने, मग स्वतः दानाधिकाऱ्याने असे तीनदा धुऊन ठेवलेले असत. चवथ्यांदा राणी धूत असे. जेथे धुण्यासारखे काही उरलेलेच नाही तेथे वाकणे सोपे असते. पुढे तेही बंद होऊन गरिबांस नाणी देण्याची प्रथा तेवढी उरली. याउलट, जर्मनीत श्वार्त्सेनाऊ येथे 1708 साली निघालेल्या 'ब्रदरेन' पंथाने परस्परांचे पाय धुणे, एकत्र जेवणे आणि भाकरी घेणे ही तिन्ही एकाच प्रीतिभोजनात जोडून ठेवली. त्या लहानशा पंथाने योहानाचा अध्याय मोठमोठ्या राजसभांपेक्षा नीट वाचला होता.

हे दूरदेशीचे झाले. ही कथा आमच्या भाषेत आली त्यासही चारशे वर्षे उलटली. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोमंतकात आले, साष्टीत राहिले, आणि 1616 साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. पुराणांस मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांस पुराणाची जागा भरून काढणारे काही हवे होते. ती गरज ओळखून त्यांनी मराठी ओवी हाती घेतली, आणि स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. परकीयाने दुसऱ्याच्या भाषेपुढे असे वाकणे हीही एका अर्थी पाद्यपूजाच होय. मराठी वाचकाने ते ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे.

पण त्याच साष्टीतील देवळे काही दशकांपूर्वी पाडली गेली होती. मंगेश, शांतादुर्गा आदी दैवते घेऊन आमच्या पूर्वजांनी रातोरात नदी ओलांडली आणि अंत्रुजात आश्रय घेतला, ही स्मृती या नियतकालिकाच्या बहुतेक घरांत आजही जिवंत आहे. 1560 साली स्थापन झालेले धर्मन्यायासन 1812 पर्यंत गोमंतकाच्या उरावर बसले होते. ज्या हाती परात असावयाची त्या हाती दंड आला. याचा निवाडा कोणत्या न्यायाने करावा? आमच्या मते त्यासाठी बाहेरचा न्यायाधीश नको. ज्याने यहूदाचेही पाय धुतले, त्याच्या नावाने कोणाच्या पायात बेडी घालता येत नाही, हा निकाल योहानाच्या तेराव्या अध्यायातच लिहिलेला आहे. ग्रंथ आपल्या अनुयायांविरुद्ध साक्ष देऊ शकतो, हेच त्याच्या थोरवीचे लक्षण.

आश्चर्य असे की, धर्म बदलला तरी पंक्ती पुष्कळदा बदलल्या नाहीत. गोमंतकातील अनेक गावांत कॉन्फ्रारी जातवार चालत आल्या, आणि सणाचा मान कोणाचा यावरून तंटे झाले. तामिळ प्रदेशातील प्रॉटेस्टंट मंडळींतही उच्चनीच भेद पाळले जात. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद चालणार नाही असे पत्र काढले, तेव्हा तंजावरकडील कित्येकांनी मंडळीच सोडली. एका पेल्यापेक्षा जात प्रिय ठरली. करिंथ येथून दूर नव्हते.

याच्या नेमकी उलट गोष्ट आमच्याच भाषेत घडली. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तरी आपले सोवळे, आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली होती. पुढे विचारांती त्यांनी ते टाकले, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हा क्रम विसरता येत नाही. त्यांची सहभागिता चर्चच्या वेदीपूर्वी स्वयंपाकघरात आरंभली.

अलीकडचे एक उदाहरण सांगणे योग्य होईल. 2013 सालच्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी हा विधी भव्य मंदिरात न करता रोममधील अल्पवयीन बंदिवानांच्या गृहात केला. बारा जणांत दोन मुली होत्या, मुसलमान तरुणही होते. नियमाप्रमाणे पाय पुरुषांचेच धुवावयाचे होते. नियम कृतीच्या मागून आला, आणि 1916 नव्हे तर 2016 साल उजाडावे लागले तेव्हा स्त्रियांस अधिकृत अनुमती मिळाली. 2025 साली एप्रिलच्या 17 तारखेस, मृत्यूपूर्वी चारच दिवस, ते पुन्हा रोमच्या कारागृहात गेले. शरीर थकल्यामुळे पाय धुता आले नाहीत. तेवढे सांगून ते बंदिवानांत बसून आले. परात राहिली, पण तिचा अर्थ राहिला नाही असे त्या दिवशी कोणास म्हणता आले नसते.

या सर्व विवेचनातून आमच्या पदरी काय पडते? दुसऱ्याच्या घरातील पंक्तिभेद मोजून आपण मोकळे झालो, तर हा अध्याय वाचला काय आणि न वाचला काय सारखेच. पंढरीच्या विठ्ठलाचे द्वार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींस 1947 साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. आमच्या देवस्थानांच्या संतर्पणांत कोण कोठे बसे, कोणास अन्न शेवटी आणि बाहेर मिळे, हे सांगावयास इतिहासकार नको. काल्याची गोडी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्यामुळे आहे, हे गोकुळाष्टमीस आम्ही गातो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पौलाने करिंथकरांस विचारलेला प्रश्न आमच्याही मंडपात विचारण्याजोगा आहे.

योहानाच्या कथेचा स्वीकार करण्यासाठी धर्म सोडावा लागत नाही. कथा काही थोडेच मागते. समोरचा कोण आहे हे न पाहता वाकावे, आणि आपली पाळी आली की पेत्रासारखे पाय मागे घेऊ नयेत. यांपैकी पहिली गोष्ट आम्ही प्रवचनांतून पुष्कळ ऐकली आहे. दुसरी आम्हांस या ग्रंथाने सांगितली, आणि ती अधिक अवघड आहे. ज्यांना आजवर आम्ही फक्त दिले, त्यांच्या हातून घेण्याची तयारी ज्या दिवशी होईल, त्या दिवशी पाद्य आणि पंक्ती हे दोन वेगळे शब्द राहणार नाहीत.